गिरणीचा आवाज आणायचा कुठून? एका एमए प्रोजेक्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईतल्या एका कॉलेजात मास कम्युनिकेशनचा दोन वर्षांचा एमए आहे, तिथं मी तासिका तत्त्वावर साउंड शिकवायला जातो. तासिका तत्त्वावर म्हणजे काय ते भोगलेल्यांना माहितीय, मीटिंगला बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तरी कॅन्टीनमध्ये सगळं कळतंच. कॉलेज, वर्ष, मुलांची नावं यातलं काही लिहीत नाही, मुलांना विचारून मगच लिहितोय.

आमच्याकडं तिसऱ्या सेमला डेझर्टेशन आणि चौथ्या सेमला फिल्म. डेझर्टेशनच्या गाइड थिअरीच्या मॅडम, फिल्मचे गाइड प्रॅक्टिकलचे सर, दोघांचे मार्क वेगळे, दोघांच्या केबिन वेगवेगळ्या मजल्यावर. मुलं काय करतात तर तिसऱ्या सेमला 'शहर आणि स्मृती' टाइप विषयावर ऐंशी पानं लिहितात, प्लेजरिझमचा रिपोर्ट जोडतात, बाइंडिंग करून जमा करतात आणि चौथ्या सेमला त्याचा काडीचा संबंध नसलेली फिल्म बनवतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि यात कुणाला काही खटकत पण नाही, कारण दोन्हीकडं मार्क मिळतात.

ज्या ग्रुपबद्दल लिहितोय त्यात तिघं होते. एक दिग्दर्शन करणारी, एक कॅमेरावाला आणि एक साउंडवाली. विषय गिरणगाव. कॅमेरावाल्याचे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे विषय घरातलाच. आणि गिरणगावावर वाचायला बघायला भरपूर आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, अडीच लाखाच्या आसपास कामगार, दत्ता सामंत, मग बंद गिरण्या आणि मग मॉल, हे सगळ्यांना तोंडपाठ. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं गिरणगावच्या लोकांच्या मुलाखतींवर उभं केलेलं मोठं पुस्तक आहे, टाटा इन्स्टिट्यूटच्या अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा २००१ चा 'साचा' हा माहितीपट आहे, त्यात नारायण सुर्वे आहेत, सुधीर पटवर्धनांची चित्रं आहेत. म्हणजे संशोधन करणाऱ्या लोकांनीच फिल्म केल्याचं उदाहरण याच विषयात समोर होतं. तरी मुलांनी ते 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'मध्ये दोन परिच्छेदांत गुंडाळून टाकलं होतं.

अडचण काय झाली

सप्टेंबरमध्ये पहिली ट्रीटमेंट, म्हणजे फिल्म कशी दिसेल-ऐकू येईल त्याचा आराखडा, आली. ओपनिंगला फिनिक्स गिरणीची चिमणी, मागं मॉलच्या काचा, खाली सारंगी. मग म्हाताऱ्या कामगाराचा क्लोजअप, सुरकुत्या. मग ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि त्यावर मागाचा आवाज, खटखट खटखट. तो आवाज यूट्यूबवरून घेतला होता आणि कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्राचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, तुमच्या डेझर्टेशनमध्ये जे शोधताय ते यात कुठंय? सर म्हणाले, फिल्म म्हणजे निबंध नव्हे, मुलांना मोकळं सोडा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, तोच तर त्रास आहे. मॅडमच्या हातात दिलं की फिल्मचं व्हॉइसओव्हर लावलेलं लेक्चर होतं, सरांच्या हातात दिलं की सारंगी वाजते.

त्यात साउंडवालीनं डेझर्टेशनमध्ये एक चांगला धागा धरला होता. मरे शेफर म्हणून कॅनडाचे संगीतकार होते, त्यांनी 'साउंडमार्क' ही कल्पना मांडली, म्हणजे जसा लँडमार्क तसा त्या गावाचा म्हणून ओळखला जाणारा आवाज. गिरणगावाचा साउंडमार्क म्हणजे भोंगा, असं तिचं सरळ गणित. पण चार मुलाखती झाल्यावर ती वैतागून माझ्याकडं आली. म्हणाली, सर, भोंग्याची गोष्ट सगळे एकसारखी सांगतायत. भोंगा झाला की बाया डबे भरायच्या, भोंग्यावर घड्याळ लावायचो, शब्दसुद्धा तेच. मी म्हटलं अगं त्यांना हा प्रश्न आत्तापर्यंत किती पोरांनी विचारला असेल विचार कर, दरवर्षी कुठलं ना कुठलं कॉलेज कॅमेरा घेऊन चाळीत येतं, गोष्ट घासून गुळगुळीत झालीय.

समोरचे पर्याय

एक, आहे तसं चालू द्यायचं. डेझर्टेशन वेगळं, फिल्म वेगळी. कुणाचं नुकसान नाही, मलाही घरी लवकर जाता येतं.

दोन, फिल्मसोबत दोन-तीन हजार शब्दांची प्रोसेस नोट घ्यायची. हे बऱ्याच ठिकाणी करतात. माझा अनुभव सांगतो, ती नोट फिल्म झाल्यावर सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिली जाते आणि त्यात जे आपसूक घडलं ते 'जाणीवपूर्वक केलं' असं लिहिलं जातं.

तीन, दोन्ही एकत्र करून एकच प्रोजेक्ट. मॅडमची ही इच्छा होती. त्यांनी फ्रेलिंगचा दाखला दिला, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे ख्रिस्तोफर फ्रेलिंग, त्यांनी १९९३ मध्ये कलेविषयीचं संशोधन, कलेसाठीचं संशोधन आणि कलेतून होणारं संशोधन अशी फोड केली होती. आपल्याकडं पहिल्या दोनवरच गाडी थांबते, तिसरं करून बघू, असं त्यांचं म्हणणं. एचओडींनी शांतपणे सांगितलं की तिसऱ्या सेमचे मार्क तिसऱ्या सेमलाच युनिव्हर्सिटीला जातात, ऑर्डिनन्स, म्हणजे युनिव्हर्सिटीचा नियम, तुमच्या फ्रेलिंगला विचारून लिहिलेला नाही.

मग मधला मार्ग निघाला. सबमिशन दोन राहतील, पण मॅडम आणि सर दोघंही दोन्हीचे गाइड, दर पंधरा दिवसांनी एकत्र बसायचं, आणि मुलांनी एक नोंदवही ठेवायची, ज्यात ऐकलेलं-बघितलेलं डावीकडं आणि त्यामुळं फिल्ममध्ये काय बदललं ते उजवीकडं. उजवी बाजू सलग तीन आठवडे कोरी राहिली तर काहीतरी गडबड आहे असं समजायचं. ही उजव्या पानाची आयडिया सरांची, क्रेडिट देऊन टाकतो. पहिले तीन आठवडे ती कोरीच होती.

भिवंडी

मग प्रश्न आला की गिरणीचा आवाज आणायचा कुठून. गिरणीतल्या मागांच्या खात्यातलं धड रेकॉर्डिंग मुलांच्या हाताला लागलं नाही. म्हणून ठरलं की भिवंडीला जायचं, यंत्रमागाच्या शेडमध्ये अजून धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारा तुकडा, असलेले माग चालतात, तो आवाज जवळचा.

एका ओळखीनं चोवीस मागांची शेड मिळाली. आत गेल्यावर एकमेकांचं काही ऐकू येईना, हातवारे सुरू. रेकॉर्डरचा गेन, म्हणजे आवाज आत घ्यायची पातळी, खाली आणला तरी पीकचा दिवा लालच, शेवटी एकदम तळाला आणून घेतलं. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, तिथं मोबाइलवरचं ॲप त्याच्या बरंच वर दाखवत होतं, ॲपवर फार भरवसा ठेवायचा नाही पण कानातल्या दड्यांवर ठेवायला हरकत नाही. जेवणाच्या सुट्टीत शेठनं मेहेरबानी म्हणून एकच माग चालू ठेवला आणि साउंडवालीनं तो जवळून, लांबून, खाली फरशीपाशी असा वीस मिनिटं घेतला. घरी येऊन तिनं तोच एक माग एडिटमध्ये चाळीस ट्रॅकवर टाकला, थोडा मागंपुढं सरकवला, रिव्हर्ब म्हणजे घुमारा लावला. झाली गिरणी. ऐकायला खरंच भारी वाटत होतं, मीच शाबासकी दिली, हे नोंदवून ठेवतो कारण पुढं त्याचं काय झालं ते सांगायचंय.

इथं पहिला मोठा वाद झाला. सर म्हणाले वापरा बिनधास्त, सिनेमात घोड्याच्या टापा नारळाच्या करवंटीनं काढतात, तिथं कोण पुरावा मागतो. मॅडम म्हणाल्या, ही डॉक्युमेंटरी आहे, प्रेक्षक हा आवाज पुरावा म्हणून ऐकणार, निदान खाली पाटी टाका की आवाज भिवंडीचा आहे. अर्धा तास गेला. शेवटी साउंडवालीच म्हणाली, आपण ठरवण्यापेक्षा त्यांनाच ऐकवू ना, जे तिथं होते त्यांना.

मला विचाराल तर प्रोजेक्ट खरा इथं सुरू झाला.

डिलाइल रोडची खोली

कॅमेरावाल्याचे आजोबा साताऱ्याकडचे, साचा खात्यात पंचवीस-सव्वीस वर्षं. गिरणीत मागाला साचा म्हणायचे. खोली दहा बाय बाराची, कॉटवर ते, खाली आम्ही. मीही गेलो होतो त्या दिवशी, बूम धरायला माणूस कमी होता म्हणून. साउंडवालीनं हेडफोन त्यांच्या कानाला नीट बसवून दिले, टोपी काढावी लागली, ते थोडे अवघडले. प्ले केलं.

ते पाचेक सेकंद ऐकत राहिले आणि मग हसायलाच लागले. हेडफोन काढून म्हणाले, "पोरी, ह्यो गिरणीचा न्हाय."

"का हो आजोबा?"

"ह्ये सगळं साचं एका तालात कसं चालत्यात? कवायत करत्यात व्हय? आमच्यात कुणाचा ताल कुणाला जुळायचा न्हाय. आन् एवढा सुटा साचा ऐकूच यायचा न्हाय कधी."

चाळीस ट्रॅकवर एकच माग कॉपी केला होता ना, ते त्यांनी पाच सेकंदांत पकडलं, जे मला पकडता आलं नव्हतं. मग तिनं विचारलं, एक साचा ऐकूच यायचा नाही तर तुमचा साचा बंद पडला की कळायचं कसं? आजोबांनी काही उत्तर दिलं नाही, पाय कॉटवरून खाली घेतले आणि तळवे फरशीला टेकवले. "हितनं," म्हणाले. "कानाचं काय काम न्हवतं तिथं. कान पयल्या वरसातच गेलं." आणि उजव्या टाचेनं एक ठेका धरला, डाव्या पायानं दुसरा, दोन्ही एकमेकांना न जुळणारे. दोन साचे सांभाळायचे ते. शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली, वर पंखा कुरकुरत होता, ते डोळे मिटून पाय आपटत होते आणि कॅमेरावाल्यानं शहाणपणा करून चेहरा सोडून पायावर फ्रेम घेतली. त्यांच्या बायको दारातून म्हणाल्या, "अजून झोपेत बी करत्यात तसं."

त्या रात्री नोंदवहीचं उजवं पान भरलं. गिरणीचा आवाज फिल्ममध्ये घ्यायचाच नाही. आजोबा हेडफोन लावून ऐकतील, प्रेक्षकाला मात्र फक्त खोली ऐकू येईल. पंखा, कुकर आणि पाय. चाळीस ट्रॅकवाली गिरणी गेली कचऱ्यात, आणि सर, जे आवाज वापरा म्हणत होते, तेच सगळ्यात खूश होते.

दुसरीकडं डेझर्टेशनचं टायटलच बदललं. भोंगा मागं पडला आणि 'आवाजाची आठवण शरीरात कुठं राहते' हा प्रश्न पुढं आला. म्हणजे मुलाखतीत विचारून जे आलं नव्हतं ते फिल्मसाठी बनवलेल्या एका खोट्या आवाजामुळं आलं. चुकीचा आवाज ऐकवला म्हणून माणूस दुरुस्त करायला लागला, नाहीतर परत भोंग्याचीच गोष्ट सांगितली असती.

पण घाई नडली

डिसेंबरमध्ये डेझर्टेशन जमा करायचं होतं. तोवर तिघांना ऐकवून झालं होतं, तिघंही साचा खात्यातले, तिघांनीही पायाबद्दल कमी-जास्त तेच सांगितलं. मॅडम म्हणाल्या अजून तिघांना तरी ऐकवा आणि एक तरी दुसऱ्या खात्यातला बघा. मुलं म्हणाली वेळ नाही. मीही मुलांच्या बाजूनं बोललो. तीन जणांवर प्रकरण लिहून टाकलं, 'गिरणी कामगारांची श्रवणस्मृती पायात वसते' वगैरे, वाक्य तर झकास होतं. बाइंडिंग, सही, जमा.

जानेवारीत शूटसाठी उरलेल्या तिघांकडं गेलो. दोन साचेवाले, त्यांचं जुळलं. तिसरे काका रिंग खात्यातले, म्हणजे सूत कातायचं तिथले. त्यांनी हेडफोन लावले, शांतपणे पूर्ण दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "मला यातलं काही आठवत नाही." पायाचं विचारलं तर म्हणाले छे, आमच्यात वेगळंच, बारीक शिट्टीसारखं चालायचं सगळं. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "मला कापूस आठवतो. नाकातला."

झालं. डेझर्टेशनमधलं झकास वाक्य एका काकांनी पाडलं, आणि ते डेझर्टेशन तोवर लायब्ररीच्या कपाटात जाऊन पडलं होतं. फिल्ममध्ये मात्र काका आले, शेवटून दुसऱ्या सीनमध्ये, हेडफोन लावून काहीच न आठवणारे. म्हणजे आमच्याकडं आता एकाच विषयावर दोन गोष्टी आहेत, लिहिलेली अर्धवट आणि चित्रित केलेली पुरी. संशोधन पक्कं आणि फिल्म म्हणजे त्यावरची सजावट असं जे समजतात त्यांनी हे एकदा बघायला यावं.

मुलाचा फोन

मार्चमध्ये रफ कट, म्हणजे फिल्मचं कच्चं एडिट, झाला, बावीस मिनिटांचा. एका रात्री साडेदहाला दिग्दर्शनवालीला फोन, आजोबांचा मुलगा. भडकलेला. वडील कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता गिरणी कामगारांच्या लॉटरीत लागलेल्या घराबद्दल, त्या घराचं पुढं काय केलं त्याबद्दल एक वाक्य बोलून गेले होते, आणि नातवानं मोबाइलवर पाठवलेला कट बघून मुलाच्या ते लक्षात आलं. उद्या कुणी तक्रार केली तर?

आता गंमत बघा. डेझर्टेशनमध्ये हेच आजोबा 'कामगार ३' आहेत. नाव नाही, चाळ नाही, सगळं नियमानं झाकलेलं. फिल्ममध्ये त्यांचा चेहरा, आवाज, खोली, बायको, सगळं उघडं. एकाच माणसाकडून एकाच दिवशी एकाच फॉर्मवर सही घेतली होती आणि तो फॉर्म दोन्हीला चालेल असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. फॉर्म मराठीत होता म्हणायला, पण 'सदर सामग्रीचा शैक्षणिक प्रयोजनार्थ विनियोग' असलं मराठी, आजोबांनी वाचला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

पर्याय तीन आले. सही आहे, वाक्य ठेवा (कॅमेरावाला). आजोबांना पूर्ण काढा (दिग्दर्शनवाली, घाबरून). किंवा नुसतं वाक्य काढा. मॅडम म्हणाल्या यातलं काहीही तुम्ही इथं बसून ठरवू नका, लॅपटॉप घेऊन चाळीत जा, दोघं बापलेक असताना दाखवा.

गेले. आजोबांनी फिल्म पूर्ण बघितली, पायाचा सीन आला तेव्हा बायकोला हाक मारून बोलावलं. घराचं वाक्य आलं तेव्हा मुलगा म्हणाला हे काढा. आजोबा म्हणाले, "खरं त्येच बोललो." दोघांची तिथंच थोडी जुंपली. शेवटी आजोबांनीच सांगितलं, काढा, त्याला त्रास नको. वाक्य काढलं. कट थोडा उडी मारतो तिथं, बघणाऱ्याला कळतं काहीतरी गेलंय. सरांनी मध्ये एखादा कटअवे, म्हणजे दुसराच शॉट, टाकून झाकायला सांगितलं, मुलांनी ऐकलं नाही, उडी तशीच ठेवली. मला ते पटलं.

निकाल

व्हायवाला बाहेरचे दोन परीक्षक. फिल्मला चांगले मार्क. नोंदवही एकांनी पानं उलटून बाजूला ठेवली, दुसऱ्यांनी अर्धा तास त्यावरच घेतला आणि विचारलं की यातली रिंग खात्याची नोंद डेझर्टेशनमध्ये का नाही. उत्तर काय देणार, सेमिस्टर संपलं होतं. डेझर्टेशनला साधारणच मार्क होते, 'सँपल कमी' असा शेरा, शेरा बरोबरच होता.

चाळीच्या मंडळाच्या ऑफिसात एक स्क्रीनिंग केलं, पन्नासेक लोक. फिल्म संपल्यावर चर्चा फिल्मवर नाही झाली, कुणाच्या खात्यात काय आठवतं यावर झाली. साउंडवाली रेकॉर्डर चालू करायला विसरली. हे तिला अजून सलतं.

परत करायचं झालं तर

डेझर्टेशनला पुरवणी जोडायची सोय हवी. चार पानांची, चौथ्या सेमला, मार्क नसले तरी चालतील पण त्याच कपाटात त्याच बाइंडिंगमध्ये गेली पाहिजे. एचओडींना विचारलंय, ते बघतो म्हणालेत.

ऐकवणं पहिल्या महिन्यात करायला हवं होतं, चकचकीत साउंड डिझाइन व्हायच्या आधी. कच्चा, ओबडधोबड आवाज ऐकवला असता तरी त्यांनी दुरुस्त केलाच असता, आणि आमचा भिवंडीचा आणि एडिटचा मिळून महिना वाचला असता. खात्यांची यादी आधी करून प्रत्येकातला एक तरी माणूस गाठायचा, हेही आधीच.

संमतीपत्र आता आम्ही दोन केलेत. एक लिखाणाचं, एक चित्रीकरणाचं. चित्रीकरणाच्या सहीला रफ कट दाखवल्यावर परत दुसरी सही. भाषा बोलायची ठेवलीय, 'तुमचा चेहरा दिसेल, आवाज ऐकू येईल, ओळखीचे लोक ओळखतील' अशी. मुलं कुरकुर करतात की लोक दुसऱ्या वेळी नाही म्हणतात. म्हणतात, खरंय.

आणि रॉ फुटेज. चौदा तासांचं रेकॉर्डिंग एका हार्डडिस्कवर आहे, डिस्क विभागाच्या कपाटात, चावी शिपाईमामांकडं. ते कुणाचं, कोण ऐकू शकतं, किती वर्षं ठेवायचं, काहीही ठरलेलं नाही. पुढच्या बॅचच्या एका मुलानं तीच डिस्क फॉरमॅट करायला घेतली होती, थोडक्यात वाचली. आता एक कॉपी माझ्या घरी आहे, जे अजिबात नियमात बसत नाही.

गेल्या महिन्यात आजोबांच्या मुलाचा परत फोन आला, यावेळी मला. आवाज नरम. वडिलांचं ऐकू यायचं आता पूर्ण बंद झालंय, बोलणंही कमी केलंय, तर ते सगळं रेकॉर्डिंग मिळेल का, नातवासाठी. मी साउंडवालीला कळवलं. तिनं विचारलं, सर, ते घराचं वाक्य काढून देऊ का तसंच देऊ? वाक्य आजोबांचं होतं आणि जाणार त्यांच्याच घरी, तसंच दिलं.